नीलकाठचा कागद, जानोकाठचा कागद

कैरो शहराच्या दक्षिण टोकाला फुस्तात नावाचा एक जुना भाग आहे. अरबांनी इजिप्तमध्ये वसवलेली ही पहिली राजधानी. आज तेथे विटांचे उघडे पाये, काही प्राचीन चर्च, एक जुनी मशीद आणि अरुंद गल्लीच्या टोकाशी बेन एझ्रा नावाचे यहुदी प्रार्थनामंदिर, एवढेच गतवैभव शिल्लक आहे. परंतु कागदाचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे, त्याने प्रवासाचा आरंभ येथूनच करावा. या प्रार्थनामंदिराच्या एका बंदिस्त खोलीत तेथील लोक शतकानुशतके जीर्ण लिखाण टाकीत आले. ज्या पानावर ईश्वराचे नाव असण्याची शक्यता आहे ते पान फाडू नये, जाळू नये, ही त्यामागील भावना. श्रुतपंचमीला पोथ्यांची वेष्टने बदलणाऱ्या घरांतील वाचकांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१८९६-९७ साली सॉलोमन शेख्टर या विद्वानाने त्या खोलीतील बहुतेक संग्रह केंब्रिजला नेला. सुमारे दोन लाख तुकड्यांच्या त्या राशीत प्रार्थना होत्या, तसेच हिशेब, हुंड्या, विवाहाचे करार आणि व्यापाऱ्यांची पत्रेही होती. बाराव्या शतकात मंगळूरच्या किनाऱ्यावर राहून मिरी व पितळेचा व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याचा पत्रव्यवहारही त्यात सापडला. एडनचे त्याचे मित्र त्याला साखर व मनुका यांच्याबरोबर कागदही भेट म्हणून पाठवीत. कारण मलबारात तेव्हा ताडपत्रावर लिहीत आणि कागद सहजी मिळत नसे. इजिप्तच्या कागदाला त्या काळी दूरवर केवढा मान होता, याची ही लहानशी साक्ष.

विकणारा देश

लिहिण्याचे साधन परदेशी विकणे इजिप्तला नवे नव्हते. नील नदीच्या त्रिभुज प्रदेशातील दलदलीत पपायरस नावाची उंच लव्हाळ्यासारखी वनस्पती उगवत असे. तिच्या गाभ्याच्या पातळ पट्ट्या आडव्या-उभ्या रचून, दाबून, वाळवून लेखनपट तयार होत. ग्रीस आणि रोम यांचे सारे वाङ्मय, राज्यकारभार व व्यापार या पटांवर चालला. रोमचे साम्राज्य लयाला गेल्यानंतरही पोपच्या कचेरीतील आज्ञापत्रे अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पपायरसवर लिहिली जात होती. इंग्रजीतील ‘पेपर’ हा शब्द याच वनस्पतीच्या नावावरून आला. म्हणजे इटली आणि इजिप्त यांच्यातील या व्यापाराला कागदाच्याही आधीची हजार वर्षांची पूर्वपीठिका आहे आणि त्या सर्व काळात विकणारा इजिप्त होता, घेणारी इटली.

पुढे चीनमध्ये जन्मलेली कागदाची विद्या समरकंदमार्गे आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला पोहोचली आणि तेथून दमास्कस व कैरो येथे आली. दहाव्या शतकापर्यंत इजिप्तने स्वतःचा पपायरस बाजूला ठेवून कागद स्वीकारला होता. नीलकाठी ताग पिके, तागाचे कापड विणले जाई आणि त्या कापडाच्या चिंध्यांतून कागदाचा लगदा होई. १०४७ च्या सुमारास कैरोस आलेल्या नासिर खुस्रो या इराणी प्रवाशाला तेथील बाजार पाहून नवल वाटले. वाणी व किरकोळ विक्रेते गिऱ्हाइकाला सामान बांधून देण्यासाठी काचेची वा मातीची भांडी आणि कागदही आपल्याच पदरचे देत. जेथे कागदात मसाला बांधला जातो तेथे कागद मुबलक असला पाहिजे, हे उघड आहे. इ. स. १२०० च्या सुमारास अब्दुल लतीफ अल-बगदादी याने तर असे नमूद केले आहे, की प्राचीन शवांना गुंडाळलेले तागाचे कापड उकरून काढून लोक कागद करणाऱ्यांना विकत आणि त्याचा वाण्यांसाठी जाडाभरडा कागद होई. चिंधीची मागणी थडग्यापर्यंत जाऊन पोहोचली होती.

त्याच काळात भूमध्य समुद्राच्या उत्तर तीरावर काय स्थिती होती? त्याचे उत्तर सिसिलीच्या पालेर्मो शहरातील सरकारी दफ्तरखान्यात आहे. ११०९ साली काउंटेस आदेलासिया हिने एका मठाच्या रक्षणासाठी काढलेले ग्रीक व अरबी अशा दोन भाषांतील आज्ञापत्र तेथे जपले आहे. तारीख असलेला युरोपातील हा सर्वांत जुना कागदी दस्तऐवज समजला जातो. तोवर कागद ही तेथे अरब जगाची वस्तू होती आणि तिच्यावर कोणाचा फारसा विश्वासही नव्हता. १२३१ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सरकारी दस्तऐवजांसाठी कागद वापरण्यास मनाई केली. चर्मपत्र टिकते, कागद टिकत नाही, ही तक्रार होती.

तक्रार अगदीच निराधार नव्हती. अरब कारागीर कागदाला गव्हाच्या पिठाची खळ देत आणि मग तो घोटून गुळगुळीत करीत. कोरड्या हवेत ही रीत उत्तम चालते. इटलीच्या दमट हिवाळ्यात मात्र खळीवर बुरशी धरे, कीड लागे. ज्या हवेत तो जन्मला नव्हता, त्या हवेत तो कागद परका ठरला.

शिकणारे गाव

इटलीच्या मध्यभागी, आपेनाइन पर्वताच्या पूर्व उतारावर फाब्रियानो हे गाव आहे. जानो नावाची लहानशी नदी गावातून वाहते. तिला नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न नील पाहून आलेल्या प्रवाशास पडावा. परंतु या गावाचे भाग्य त्या ओढ्यानेच घडवले. नील विशाल, पण संथ. तिचा उतार नाममात्र. डोंगरातून उतरणारे जानोचे पाणी मात्र चाक फिरवण्यास पुरेसे वेगवान होते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील कारागिरांनी परक्याकडून आलेली विद्या घेतली आणि तिच्यात तीन फेरफार केले. पहिला फेरफार कुटण्याचा. पाणचक्कीच्या आसाला जोडलेली, टोकाला लोखंडी खिळे बसवलेली लाकडी मुसळे ओळीने दगडी कुंडांत आपटू लागली आणि तागाच्या चिंध्यांचा एकजीव लगदा थोड्या वेळात होऊ लागला. दुसरा फेरफार खळीचा. पिठाऐवजी जनावरांच्या कातड्यांच्या तुकड्यांपासून काढलेला सरस कागदाला दिला जाऊ लागला. हा माल जवळच्या चामडे कमावणाऱ्यांकडे टाकाऊ म्हणून मिळे. त्याने कागद कणखर झाला, शाई फुटेनाशी झाली आणि कीडही दूर राहिली. तिसरा फेरफार केवळ खुणेचा. ज्या तारांच्या साच्यावर लगदा पसरतात, त्याच साच्यावर वाकवलेल्या तारेची एक आकृती बांधून ठेवायची. तेथे कागद किंचित पातळ होतो आणि उजेडासमोर धरल्यावर आकृती दिसते. १२८२ च्या सुमारास आढळू लागलेले हे जलचिन्ह म्हणजे कारखानदाराची सही होती. शेजारच्या सास्सोफेर्रातो गावचा प्रसिद्ध विधिज्ञ बार्तोलो याने चौदाव्या शतकात या खुणांची दखल घेतली आणि अशा चिन्हांवर कारागिराचा हक्क कसा ठरतो, याची चर्चा केली.

यातील दुसऱ्या फेरफाराशी जैन वाचक क्षणभर थांबेल. आपल्याकडील भांडारांत चौदाव्या शतकापासून कागदी पोथ्या वाढू लागल्या. भारतीय हातकागदाला पिष्टमय खळच दिली जाई आणि दगडाने घोटून त्याला तकाकी आणीत. दौलताबादी व जुन्नरी कागद याच परंपरेतले. टिकाऊपणासाठी प्राणिजन्य पदार्थाचा आधार न घेताही शेकडो वर्षे पाने सुरक्षित राहिली आहेत. त्यासाठी मात्र वेष्टन, ऊन आणि वर्षानुवर्षांची निगा ही किंमत मोजावी लागली. फाब्रियानोने निगेचा भार वस्तूवर टाकला, भांडारांनी तो माणसांवर ठेवला. आज बहुतेक कागदगिरण्यांत सरसाऐवजी कृत्रिम द्रव्ये वापरली जातात. सरसाचा वापर काही खास हातकागदांपुरता उरला आहे.

प्रवाह उलटतो

चौदाव्या शतकात आन्कोना, व्हेनिस आणि जिनोआ या बंदरांतून कागदाची गाठोडी जहाजांवर चढू लागली आणि त्यांची दिशा होती अलेक्झांड्रिया. ज्यांनी विद्या दिली त्यांच्याच दारात ती माल होऊन परतली.

कैरोच्या जाणकारांनी प्रारंभी तिचे स्वागत केले नाही. राजदरबारी लेखनिकांसाठी विशाल ग्रंथ लिहिणारा अल-कल्कशंदी १४१८ मध्ये निवर्तला. त्याने कागदांची प्रतवारी लावली आहे: बगदादी सर्वश्रेष्ठ, त्याखालोखाल शामचा म्हणजे सीरियाचा, मग इजिप्तचा, आणि फिरंग्यांचा अगदी तळाला, तो लवकर झिजतो, फार काळ टिकत नाही, असा त्याचा अभिप्राय. पावणेदोनशेएक वर्षांपूर्वी युरोपच्या सम्राटाने अरब रीतीच्या कागदाविषयी हेच म्हटले होते. प्रत्येकाला दुसऱ्याचा कागद हलका वाटला. परंतु बाजार अभिप्रायावर चालत नाही. अल-कल्कशंदी लिहीत होता त्याच काळात इजिप्तच्या दफ्तरांत आणि पुस्तकांत इटलीचा कागद वाढत होता.

याची कारणे केवळ यंत्रात नव्हती. १३४८ च्या प्लेगने इजिप्तचे अतोनात नुकसान केले आणि ती साथ पुनःपुन्हा उलटत राहिली. शेतीचे कालवे राबवणारे हात कमी झाले, ताग घटला, कारागीर घटले. १४०१ मध्ये तैमूरने दमास्कस लुटले आणि तेथील निवडक कारागीर समरकंदला नेले. प्लेगने इटलीलाही सोडले नव्हते. पण तेथे उरलेल्यांच्या अंगावर अधिक कपडे आले आणि पर्यायाने चिंध्या वाढल्या, शिवाय पाण्याचे चाक माणसांची वाण भरून काढीत होते. एका देशाचे हात गेले, तेव्हा दुसऱ्या देशाचे चाक फिरत राहिले.

परक्या मालाबरोबर एक धर्मप्रश्नही आला. इटलीच्या कागदात क्रूस किंवा सजीव प्राण्याच्या आकृतीचे जलचिन्ह असे. इजिप्तच्या पश्चिमेस, आजच्या अल्जीरियातील त्लेम्सेन येथे, १४०९ साली इब्न मर्झूक या धर्मशास्त्र्यापुढे प्रश्न आला, की अशा कागदावर पवित्र वचने लिहावीत काय? त्या नगरीत पूर्वी कागद होत असे, आता इटलीचाच मिळत होता. त्याने सविस्तर विचार करून अनुज्ञा दिली. असत्य खुणेवर सत्य वचन लिहिल्याने असत्य झाकले जाते, असा त्याच्या विवेचनाचा आशय होता. हा निर्णय उदार होता यात शंका नाही. पण त्यात एका गावाची अगतिकताही आहे. ज्याचा कारखाना बंद पडला, त्याला दुसऱ्याची खूण असलेल्या पानावर लिहावे लागते.

विकणारे मात्र चतुर होते. गिऱ्हाइकाच्या मनात काय सलते, हे त्यांनी ओळखले. पुढे सतराव्या शतकापासून व्हेनिसच्या प्रदेशातील गिरण्या पूर्वेकडे धाडण्याच्या कागदावर तीन चंद्रकोरींचे जलचिन्ह घालू लागल्या. ‘त्रे लूने’, म्हणजे तीन चंद्र, या नावाने तो कागद ऑटोमन साम्राज्यभर, इजिप्तमध्ये आणि तेथून सुदानपर्यंत पोहोचला. त्या काळच्या कैरोत स्वस्त कागदामुळे मध्यम स्थितीच्या घरांतही पुस्तके आली, ही गोष्ट नाकारता येणार नाही. कागद करणारा बुडाला तरी वाचणारा तगला. व्यापाराच्या खतावणीत असे जमा आणि खर्च एकाच पानावर असतात.

एकोणिसाव्या शतकात महंमद अली याने इजिप्तचा कारभार आधुनिक करण्याचा चंग बांधला. १८१५ मध्ये छपाई शिकण्यासाठी तरुण पाठवले गेले ते मिलानला. १८२० मध्ये नीलकाठी बुलाक येथे सरकारी छापखाना उभा राहिला आणि पुढच्या दशकात कैरोत कागदाचा कारखानाही निघाला. तथापि आयात त्यामुळे थांबली नाही. शिक्षकाने शिष्याकडे जावे, तसा इजिप्त आता इटलीच्या दारी उभा होता.

दोन्ही काठ आज

फाब्रियानोच्या जुन्या दोमिनिकन मठात आज कागद व जलचिन्ह यांचे संग्रहालय आहे. मुसळे पाण्याच्या चाकावर पुन्हा आपटताना तेथे पाहता येतात. कारागीर साचा कुंडात बुडवून एका झटक्यात पान उचलतो आणि पाहणाऱ्यांत क्षणभर शांतता पसरते. २०१३ मध्ये हस्तकलेची सर्जनशील नगरी म्हणून युनेस्कोने या गावाचा गौरव केला. पण याही गावाला आपली विद्या कोंडून ठेवता आली नाही. पंधराव्या शतकात येथील कारागिरांना परक्यांस कसब शिकवण्याची मनाई करण्यात आली. तोवर इटालियन कामगारांच्या साहाय्याने न्यूरेंबर्गला १३९० मध्येच गिरणी सुरू झालेली होती. एकोणिसाव्या शतकात चिंध्यांची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली आणि जंगलांनी समृद्ध अशा उत्तरेकडील देशांचे पारडे जड झाले. इटली आजही युरोपातील मोठ्या कागद-उत्पादकांपैकी एक आहे, लुक्का परिसरातील मऊ कागदाचा व्यवसाय जगभर ठाऊक आहे. पण लाकडाचा लगदा ती बाहेरून आणते आणि निम्म्याहून अधिक कच्चा माल रद्दीतून मिळवते. खुद्द फाब्रियानोत कार्यालयीन वापराच्या कागदाचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कागदावर जगलेल्या घरांत चिंता पसरली. पाने कैरोतून निघून गेली, तशी ती कोठूनही निघून जाऊ शकतात.

इजिप्तची स्थिती अधिक विचार करायला लावणारी आहे. विसाव्या शतकात अलेक्झांड्रियाजवळ भाताच्या पेंढ्यापासून आणि दक्षिणेस केना प्रांतात उसाच्या चोयट्यांपासून कागद करणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. जंगल नसलेल्या देशाने आपल्या शेतातल्या टाकाऊतून वाट काढली होती. तरीही देशाला लागणारा पुष्कळसा कागद व लगदा आयात होत राहिला. दुसरीकडे सुगीनंतर शेतात जाळल्या जाणाऱ्या पेंढ्याचा धूर १९९९ पासून कैरोवर ‘काळा ढग’ होऊन उतरू लागला. जे पान व्हावयाचे ते धूर झाले. २०२२ मध्ये इजिप्तचे चलन घसरले, आयात कागद महागला आणि २०२३ च्या जानेवारीत कैरोच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथमेळ्यात काही प्रकाशकांनी पुस्तके हप्त्यांनी देऊ केली. ज्या नगरीत एके काळी वाणी मसाला कागदात बांधून देत, तेथे मुलासाठी एक पुस्तक घ्यावयाचे तर हप्ता पाडण्याची वेळ आली.

या प्रवासाचा शेवट मात्र आशेने करता येतो, आणि ती आशा एका वनस्पतीत आहे. सिसिलीतील सिराकूज गावाजवळ चाने नावाची लहान नदी आहे. तिच्या काठी पपायरसची दाट बेटे आजही उभी आहेत. ती मूळची इजिप्तहून आली, असे परंपरा सांगते. ज्या देशाने ही वनस्पती जगाला दिली, तेथून ती जवळजवळ नामशेष झाली होती. हसन रागाब हे अभियंते इजिप्तचे राजदूत म्हणून चीनमध्ये असताना तेथील घरगुती कागद-उद्योग पाहून प्रभावित झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९६० च्या दशकात सुदानमधून पपायरसची रोपे आणून नीलकाठी लावली आणि विस्मृतीत गेलेली पट बनवण्याची रीत पुन्हा शोधून काढली. पुढे शर्किया प्रांतातील अल-करामूस या खेड्यातील शेतकरी कुटुंबांनी पपायरसची लागवड करून पट व चित्रे करण्याचा व्यवसाय धरला. पर्यटक येतात तेव्हा तो बहरतो, येत नाहीत तेव्हा कोमेजतो. त्याने देशाची कागदाची गरज भागणार नाही. तरी पट्ट्या आडव्या-उभ्या रचणारे ते हात पाहिले, की एवढे निश्चित वाटते: गेलेली विद्या परत मागून आणण्यात कमीपणा नाही.

इटालियन भाषेत कागदाच्या गठ्ठ्याला ‘रिझ्मा’ म्हणतात. तो अरबी शब्द आहे. आपण दुकानात कागदाची ‘रीम’ मागतो, तीही त्याच शब्दाची लेक. व्यापाराचा प्रवाह दोनदा उलटला, जहाजांची दिशा बदलली, खुणा क्रूसाच्या चंद्रकोरी झाल्या. पण देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या तोंडी राहून गेले. नीलकाठाने जानोकाठाला दिले, जानोकाठाने ते वाढवून परत केले. यात कोण जिंकले हा हिशेब अपुराच राहील. दोन्ही काठांनी जे ज्या वेळी शिकण्याचे नाकारले, तेवढेच त्यांनी गमावले, इतके मात्र त्या जुन्या पानांना उजेडासमोर धरले असता स्पष्ट दिसते.